२००३ च्या कॉम्प्युटरला फायबरचं ब्रॉडबँड कसं जोडायचं? (इंदूर)

जुनी_इंदूर

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलचक आहे. अर्धवट माहिती दिली की उत्तरंही अर्धवट येतात, म्हणून सगळंच लिहितो.

राहायला इंदूरला, लोकमान्यनगरात. नाव जुनी_इंदूर घेतलं ते लहानपण त्या भागात गेलं म्हणून. वय ७१. आम्ही चौघं निवृत्त लोक मिळून एक छोटं वधू-वर सूचक मंडळ चालवतो. दर महिन्याला स्थळांची यादी काढायची आणि कोणी जन्मवेळ घेऊन आलं तर पत्रिका करून द्यायची, ही दोन कामं माझ्याकडे. दोन्ही होतात एकाच कॉम्प्युटरवर.

कॉम्प्युटर २००३ साली असेम्बल करून घेतलेला. पेन्टियम ४, रॅम ५१२ एमबी, हार्ड डिस्क ४० जीबी, विंडोज एक्सपी, मॉनिटर काचेचा आणि पाठीमागे हातभर कुबड असलेला. सकाळी चालू केला की काळ्या पडद्यावर दोन ओळी येतात, एफ-१ दाबायचं, मग पुढे जातो. रात्री भिंतीवरचं मुख्य बटण बंद करतो. एवढं सोडलं तर बावीस वर्षांत त्याची कुरकुर नाही.

पत्रिकेच्या सॉफ्टवेअरबरोबर एक कुलूप आलं होतं. आगपेटीएवढं, पंचवीस पिनांचं. कॉम्प्युटरच्या मागे प्रिंटरच्या जागी ते लावायचं आणि प्रिंटरची वायर त्याच्या पाठीवर. कुलूप काढलं तर सॉफ्टवेअर उघडतच नाही. ज्यांनी विकलं त्यांचा फोन आता लागत नाही. तेव्हा 'नवीन घ्या' हा सल्ला कृपया देऊ नका. तो पुतण्या रोज फुकट देतो.

आता मूळ मुद्दा. गेल्या आठवड्यात घरात फायबर आलं. मुलगी म्हणाली, बाबा, यादी पेनड्राइव्हमध्ये घेऊन झेरॉक्सवाल्याकडे पळता, त्यापेक्षा घरूनच पाठवा. पटलं. बसवायला आलेल्या मुलाने हॉलमध्ये पांढरा डबा लावला, मोबाईलवर नेट चालू करून दाखवलं, मग मी त्याला आतल्या खोलीत नेलं. कॉम्प्युटर बघून तो म्हणाला, "अंकल, इसको राजवाड़े में रखवा दो, टिकट लगेगा।" मुलगा स्वभावाने चांगला होता, पोहे खाऊन गेला. पण जोडून काही दिलं नाही.

मी स्वतः मागे वाकून पाहिलं. टेलिफोनची वायर लागते तसं एक भोक आहे. डायल-अपच्या दिवसांत तिथेच वायर लावायचो, कर्रर्र आवाज व्हायचा आणि तेवढ्या वेळात फोन आला तर एंगेज लागायचा. फायबरच्या डब्याबरोबर आलेल्या वायरची पिन त्या भोकात शिरत नाही. थोडी रुंद आहे. जोर लावला नाही.

तर विचारायचं असं की ती बारीक पिन लावून नवी वायर करून घेतली तर चालेल का? की बाजारात नखाएवढा वाय-फायचा तुकडा मिळतो तो यूएसबीला लावू? यूएसबीची दोन भोकं आहेत, पेनड्राइव्ह तिथेच चालतो, फक्त चारशे एमबी उतरवायला सात-आठ मिनिटं घेतो. आणि मुख्य म्हणजे, यात कुलपाला धक्का लागायला नको. हॉल ते आतली खोली अंतर साधारण पंधरा मीटर.

---

एकच_उपाय

काका, राग मानू नका, पण एक्सपीचे सुरक्षा-अपडेट ८ एप्रिल २०१४ रोजी बंद झाले. असा कॉम्प्युटर नेटला जोडणं म्हणजे दार उघडं टाकून तीर्थयात्रेला जाणं. नवीन लॅपटॉप घ्या, त्यात व्हर्च्युअल मशीन (कॉम्प्युटरच्या आत चालणारा नकली कॉम्प्युटर) टाका, आतमध्ये एक्सपी चालवा. जुनं खोकं भंगारात.

---

स्क्रूड्रायव्हर

वरच्या भावाने प्रश्न नीट वाचलेला नाही. व्हर्च्युअल मशीनमध्ये एक्सपी छान चालेल, पण पंचवीस पिनांचं कुलूप लॅपटॉपला लावणार कुठे? यूएसबीतून पॅरलल, म्हणजे प्रिंटरचं पंचवीस पिनांचं पोर्ट, काढणारी वायर बाजारात मिळते. तिच्यावर प्रिंटर चालतो, कुलूप मात्र सहसा ओळखलं जात नाही, कारण कुलपाचं सॉफ्टवेअर थेट त्या पोर्टच्या पत्त्याशी बोलतं आणि यूएसबीच्या वायरीत तो पत्ताच नसतो. माझ्या एका डॉक्टर गिऱ्हाइकाने असे तीन अडॅप्टर आणून टेबलाच्या खणात टाकलेत.

काका, मी बडोद्याचा. दांडिया बाजारात कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो, तुमच्या वयाची मशिनं रोज हातात येतात. काम सोपं आहे, टेन्शन घेऊ नका.

तुम्ही जोर लावला नाहीत हे फार बरं केलंत. ते भोक मोडेमचं आहे. त्यात टेलिफोनची पिन जाते, आरजे-११ म्हणतात तिला. फायबरच्या डब्यातून येणारी पिन आठ तारांची, आरजे-४५. फरक नुसत्या रुंदीचा नाही. मोडेमला टेलिफोनच्या लाइनवरचा आवाज समजतो, तुमच्या डब्यातून येणारी भाषा त्याला कळत नाही. त्यामुळे बारीक पिन लावून वायर बनवली तरी उपयोग शून्य.

वाय-फायचा तुकडा नको. आज जो मिळेल त्याच्याबरोबर एक्सपीचा ड्रायव्हर, म्हणजे तो ओळखायला लागणारं सॉफ्टवेअर, येईलच असं नाही. शिवाय तुमच्या एक्सपीवर सर्व्हिस पॅक (अपडेटचा गठ्ठा) कितवा आहे ते सांगितलं नाहीत. दुसरा असेल तर वाय-फायच्या पासवर्डची आजची पद्धत त्याला मुळात येत नाही, ती तिसऱ्या पॅकमध्ये आली. आणि चारशे एमबीला सात-आठ मिनिटं म्हणजे तुमचं यूएसबी पहिल्या पिढीचं, सेकंदाला जेमतेम एक एमबी. त्या भोकातून ब्रॉडबँड ओतणं म्हणजे चाळणीतून श्रीखंड काढणं.

तुम्हाला हवं ते लॅन कार्ड, म्हणजे ती रुंद पिन लावायचं भोक असलेलं कार्ड. जुनं, पीसीआय पद्धतीचं. दुकानात 'पीसीआय' एवढं म्हणून थांबू नका, 'जुनं पीसीआय, एक्सप्रेस नको' असं सांगा, नाहीतर हमखास नवीन देतील आणि ते खाचेत बसणार नाही. इंदूरला आरएनटी मार्गावर सिल्व्हर मॉलमध्ये कॉम्प्युटरची दुकानं आहेत, तिथे जुना माल ठेवणारा कोणीतरी सापडेल. कार्डावरच्या काळ्या चिपवर रिअलटेक आणि ८१३९ हा आकडा दिसला तर डोळे मिटून घ्या. त्याचा ड्रायव्हर एक्सपीच्या पोटातच आहे, सीडी लागत नाही.

बसवताना कॉम्प्युटर बंद, भिंतीचं बटण बंद, वायर काढलेली. आधी कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावायचा म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरते. आत पांढऱ्या लांब खाचा दिसतील, बोटभर लांबीच्या. त्यातल्या एकीत मोडेम असेल, शेजारचीत हे कार्ड. बसलं की 'टक' होतं. तपकिरी खाच असेल तर ती ग्राफिक्सची, तिच्या वाटेला जाऊ नका. कुलूपही आहे तिथेच राहू द्या. ते चालू मशीनमध्ये कधीही काढू-घालू नका, पॅरलल पोर्टला ते चालत नाही.

वायर वीस मीटरची, पिना लावलेली तयार घ्या. शंभर मीटरपर्यंत चालते, तुमचं घर त्याहून लहान असावं. आणि कोणी 'ब्रॉडबँड कनेक्शन बनवून युजरनेम टाका' म्हणालं तर ऐकू नका. ते काम पूर्वी कॉम्प्युटरला करावं लागायचं, आता हॉलमधला डबा स्वतः करतो. तुम्ही फक्त वायर लावायची.

जमलं नाही तर काळ्या खिडकीत (कमांड प्रॉम्प्ट) 'आयपीकॉन्फिग' टाका आणि आकडा इथे लिहा. १६९.२५४ ने सुरू होत असेल तर डब्याकडून पत्ता मिळालेला नाही असं समजायचं, म्हणजे वायर किंवा पिन बघावी लागेल.

---

पेन्शनर_दोन

माझाही असाच होता. जोडला, चालला, आठ दिवसांत असा मंदावला की गणपतीची आरती लावली तर ती नैवेद्याला पोचायची. शेवटी वायर काढली. एवढंच सांगायचं होतं.

---

जुनी_इंदूर

सर्वांचे आभार. रविवारी काम केलं, वृत्तांत देतो.

सिल्व्हर मॉलला तीन दुकानांत नकार मिळाला. चौथ्या दुकानातला माणूस काही न बोलता स्टुलावर चढला आणि वरच्या फळीवरून खोकं काढलं. आतमध्ये पोतंभर कार्डं. साडेतीनशे म्हणाला, मी घासाघीस केली नाही. चिपवर ८१३९ आहे, चष्मा काढून वाचलं.

कॅबिनेट उघडलं तर आत धुळीची गोधडी आणि पालीची दोन रिकामी अंडी. बायको म्हणाली, आधी हे साफ करा, मग इंटरनेट. पेंटिंगच्या कोरड्या ब्रशने झाडून घेतलं. कार्ड 'टक' करून बसलं. चालू केल्यावर एक्सपीने स्वतःच 'नवीन हार्डवेअर सापडलं' असं सांगितलं, घड्याळाशेजारी दोन छोटे कॉम्प्युटर लुकलुकायला लागले. मागे कार्डावर हिरवा दिवा. स्क्रूड्रायव्हर साहेब, तो दिवा लागला तेव्हा आम्ही दोघांनी खरोखर टाळ्या वाजवल्या. आकडा १९२.१६८.१ ने सुरू होतो, १६९ नाही. पत्रिकेचं सॉफ्टवेअरही उघडलं, कुलूप शाबूत.

पण गाडी इथेच अडली. इंटरनेट एक्सप्लोररमध्ये काहीही टाकलं तरी एकतर 'सर्टिफिकेटची मुदत' वगैरे इशारा येतो, नाहीतर पान दाखवता येत नाही म्हणतो. मोबाईलवर त्याच वेळी सगळं चालू. सर्व्हिस पॅक पाहिला, दुसराच आहे. आता वायर खराब म्हणावी तर दिवा लागतोय.

---

ग्वाल्हेरची_सून

काका, नमस्कार. मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहते, घरून नेटवर्कचं काम करते. तुमचा पहिला प्रश्न पुन्हा वाचला आणि एका वाक्यावर अडखळले. सकाळी एफ-१ दाबायचं, असं तुम्ही सहज लिहून गेलात. किती दिवसांपासून दाबताय? आणि आत्ता घड्याळावर माउस नेलात तर तारीख काय दिसते?

---

जुनी_इंदूर

दोन वर्षं तरी झाली असतील. मला वाटलं वयोमानाने होतं.

तारीख १ जानेवारी २००२.

खरं सांगतो, कधी लक्षच गेलं नाही. यादीवर तारीख मी हाताने टाइप करतो आणि पत्रिकेला समोरच्याची जन्मतारीख लागते, आजची नाही. म्हणजे माझा कॉम्प्युटर विकत घेण्याच्या आधीच्या वर्षात जगत होता.

---

ग्वाल्हेरची_सून

अगदी तेच. मदरबोर्डवर एक गोल सेल असतो, बाकी वीज बंद असताना घड्याळ तो चालवतो. तो संपला आहे. रात्री तुम्ही भिंतीचं बटण बंद करता, म्हणून रोज सकाळी घड्याळ मूळ तारखेला परत जातं आणि काळ्या पडद्यावर तक्रार येते. त्या दोन ओळींत तेच लिहिलेलं असणार.

वेबसाइटचं सर्टिफिकेट म्हणजे मुदत असलेलं ओळखपत्र. 'अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत'. तुमच्या मशीनच्या दृष्टीने आज २००२ आहे, त्यामुळे जगातली सगळी ओळखपत्रं त्याला पुढच्या जन्माची वाटतात.

सेलवर सीआर २०३२ असं लिहिलेलं असतं. वीस मिलिमीटर रुंद आणि ३.२ मिलिमीटर जाड, आकड्यातच माप आहे. घड्याळवाल्याकडेही मिळतो. बदलण्यापूर्वी एक करा. चालू होताना डिलीट दाबून बायॉसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगच्या पडद्यावर) जा आणि पॅरलल पोर्टच्या ओळीत काय लिहिलंय ते कागदावर उतरवून घ्या, ईसीपी, ईपीपी असं काहीतरी असेल. तुमचं कुलूप ज्या सेटिंगवर चालतंय तेच नंतरही हवं.

आणि काका, सेल बदलल्यावर सगळं चालेल असं मी म्हणत नाही. तारखेचा इशारा जाईल. पानं मात्र बहुतेक उघडणार नाहीत. कारण वेगळं आहे, ते सेल बदलून आलात की सांगते.

---

स्क्रूड्रायव्हर

ताईंना सलाम. ते एफ-१ माझ्या डोळ्यांसमोरून गेलं होतं. दुकानात असतं तर कानाने पकडलं असतं, वाचताना सुटलं.

---

जुनी_इंदूर

सेल बदलला. चाळीस रुपये. पॅरलल पोर्टपुढे ईसीपी होतं, मागच्या वर्षीच्या पंचांगाच्या पाठीवर लिहून ठेवलंय. आता एफ-१ मागत नाही, तारीख बरोबर. सकाळी सवयीने हात एफ-१ वर जातो तो जातोच.

पण सूनबाई (नाव तुम्हीच तसं घेतलंय, म्हणून म्हणतो), तुम्ही म्हणालात तसंच झालं. इशारा गेला आणि त्याच्या जागी 'पान दाखवता येत नाही'. आता कारण सांगा.

---

ग्वाल्हेरची_सून

सांगते. थोडं लिहावं लागेल.

आज जवळपास प्रत्येक साइट तुमच्याशी बोलणं कुलूपबंद करून बोलते. त्या कुलपाच्या पिढ्या आहेत. एक्सपीबरोबर आलेल्या एक्सप्लोररला पहिली पिढी येते, तिला टीएलएस १.० म्हणतात. मोठ्या ब्राउझरांनी ती आणि तिच्या पुढची १.१ ही दोन्ही २०२० मध्ये बंद केली. आता किमान १.२ लागते. तुमचा एक्सप्लोरर दारावर टकटक करतो, आतून विचारतात १.२ येतं का, हा गप्प राहतो, दार बंद. वायर, डबा, कार्ड, सगळं ठीक आहे.

यावर एक वाट आहे. फायरफॉक्स आपलं कुलूप स्वतःबरोबर घेऊन येतो, विंडोजवर अवलंबून राहत नाही. एक्सपीवर चालणारी त्याची शेवटची आवृत्ती ५२. ती टाकली तर बऱ्याच साइट उघडतील. पण तिचेही अपडेट २०१८ मध्ये थांबले, आणि मला ती तुम्हाला सुचवायचीच नाही.

त्याचं कारण तुमच्याच पहिल्या पोस्टमध्ये आहे. त्या मशीनमध्ये काय आहे? लोकांच्या मुलामुलींचे फोन नंबर, जन्मवेळा, पगार, पत्ते. कोणाची घटस्फोटाची नोंदही असेल. हे लोकांनी तुमच्यावर विश्वास टाकून दिलंय. एकच_उपाय यांचा सूर तिखट होता, पण ते दाराबद्दल बोलले ते खरं आहे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा किडा जगभर फिरला होता. त्याने फाइली कुलूपबंद करून खंडणी मागितली. तेव्हा मायक्रोसॉफ्टला, पाठिंबा बंद करून तीन वर्षं झालेली असताना, एक्सपीसाठी मुद्दाम दुरुस्ती काढावी लागली होती. तुमच्याकडे ती दुरुस्ती नसणार.

मग मी विचार केला की काकांना नेमकं हवंय काय. तुम्हाला त्या कॉम्प्युटरवर बातम्या वाचायच्या नाहीत. यादी घराबाहेर जायला हवी आहे. म्हणजे यादी त्या मशीनमधून तुमच्या मोबाईलपर्यंत आली की पुढचं मोबाईल करेल. त्यासाठी मशीनने इंटरनेटवर जायची गरज नाही, फक्त हॉलमधल्या डब्यापर्यंत यायचं. तेवढं तर तुम्ही करून बसलात.

असं करा. लोकल एरिया कनेक्शनच्या गुणधर्मांत टीसीपी-आयपी उघडा. आपोआप पत्ता घेण्याऐवजी हाताने लिहा: १९२.१६८.१.२५०, त्याखालचा मास्क २५५.२५५.२५५.०. त्याच्याखाली 'डिफॉल्ट गेटवे' अशी ओळ येईल. ती रिकामी ठेवा. विसरून नाही, मुद्दाम. गेटवे म्हणजे गावाबाहेर जायचा रस्ता. तो सांगितलाच नाही की मशीन घरातल्या घरात सगळ्यांशी बोलेल, बाहेर जाणार नाही.

मोबाईलवर एफटीपी सर्व्हर, म्हणजे फाइली देण्याघेण्याची सोय, चालू करायचा. काही फोनच्या फाइल मॅनेजरमध्येच ती सोय असते, नाहीतर छोटं ॲप मिळतं. पासवर्ड ठेवा. चालू केलं की फोन एक पत्ता दाखवतो. तो पत्ता जसाच्या तसा कॉम्प्युटरवर 'माय कॉम्प्युटर'च्या वरच्या पट्टीत टाइप करा, इंटरनेट एक्सप्लोररमध्ये नको. फोनचे फोल्डर समोर उघडतील. यादी त्यात टाका, झालं.

यादीची मूळ फाइल पाठवू नका. तुमचे जुने मराठी फॉन्ट मोबाईलवर नसतात, मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसेल. पीडीएफ बनवा. पीडीएफमध्ये फॉन्ट आत बसून जातो. एक्सपीवर चालणारा जुना पीडीएफ-प्रिंटर पेनड्राइव्हवरून टाकता येईल.

मुलीच्या लॅपटॉपवरून थेट फोल्डर शेअर करायचा मोह होईल. करू नका. एक्सपी शेअरिंगची जी जुनी पद्धत बोलतो ती नव्या विंडोजमध्ये बंद असते, आणि वॉनाक्राय तिच्यातूनच शिरला होता. एका मशीनच्या हौसेसाठी दुसऱ्याची खिडकी काढू नये.

---

पेन्शनर_दोन

गेटवे रिकामा ठेवायचं हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर माझाही वाचला असता.

---

एकच_उपाय

हे चांगलं आहे. मी काकांना भंगाराचं म्हणालो ते परत घेतो. पण एक भर घालू का? ती ४० जीबीची डिस्क बावीस वर्षांची आहे. आज चालते, उद्या 'टिक टिक' करेल. जुन्या आयडीई डिस्कला यूएसबीने जोडणारा अडॅप्टर मिळतो. एकदा पूर्ण डिस्कची हुबेहूब प्रत काढून ठेवा. नुसती फाइलींची नको, सॉफ्टवेअरसकट. सॉफ्टवेअरची सीडी आहे का तुमच्याकडे?

---

जुनी_इंदूर

सीडी आहे. सीडीचा खण उघडत नाही. टाचणीने उघडतो, आत ढकलला की पुन्हा रुसतो. तेव्हा डिस्कची प्रत हा तुमचा सल्ला डोक्यावर. पुतण्याला त्या कामाला लावलंय, निदान त्याच्या फुकट सल्ल्यांतला एक तरी कामाला येईल.

बाकी वृत्तांत. गेटवे रिकामा ठेवला. मोबाईलवर एफटीपी चालू केलं, पत्ता आला, शेवटी ठिपका-ठिपका आणि २१२१ असा आकडा. कॉम्प्युटरवर टाइप केला, पासवर्ड मागितला, दिला, खिडकी उघडली. पण रिकामी. पांढरी फटफटीत. अर्धा तास घालवला.

---

ग्वाल्हेरची_सून

इंटरनेट ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड, तिथे 'पॅसिव्ह एफटीपी' असं एक चौकट असलेलं वाक्य आहे. खूण नसेल तर करा. नाहीतर फोन उलट कॉम्प्युटरकडे जोडणी करायला बघतो आणि एक्सपीचा फायरवॉल त्याला दारातच उभा करतो.

आणि फाइलचं नाव इंग्रजीत ठेवा. मराठी नाव वाटेत मोडतं.

---

जुनी_इंदूर

खूण नव्हती. केली. उघडलं.

काल रात्री नऊ वाजता या महिन्याची यादी, सोळा पानं, पीडीएफ करून मोबाईलमध्ये घेतली आणि मंडळाच्या ग्रुपवर टाकली. पहिला फोन सुदामानगरहून आला. म्हणाले, काका, अकराव्या नंबरच्या मुलीची उंची पाच फूट आठ इंच आहे, तुम्ही पाच फूट लिहिलीत. तपासलं तर मूळ फॉर्मवर पाच फूट आठच आहे, चूक माझी. आधी यादी छापून घरोघरी पोचायला चार दिवस लागायचे, चूक कळायला महिना. आता दहा मिनिटांत कळली आणि मी पुन्हा यादी पाठवली. यात फायदा झाला की त्रास वाढला, हे अजून ठरवलेलं नाही.

आज सकाळी मात्र जोडणी होईना. कालचाच पत्ता टाइप केला तर म्हणे सापडत नाही.

---

स्क्रूड्रायव्हर

काका, फोनला पत्ता हॉलमधला डबा वाटून देतो, तो बदलत राहतो. काल पाच असेल, आज सात झाला असेल. पाठ करू नका, दरवेळी फोनवर दिसतो तोच बघून टाका.

---

जुनी_इंदूर

सातच झाला होता. धन्यवाद. पंचांगाच्या पाठीवर 'ईसीपी'च्या खाली लिहिलं आहे: पत्ता रोज बघणे.

हॉलमधून येणारी वायर सध्या दाराच्या उंबऱ्यावरून जाते आणि बायको दोनदा अडखळली आहे. पन्नास रुपयांची पट्टी आणि खिळे आणायला निघालोय.